पट्टा वाकतोय

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं रोजचं काम केलं ते म्हणजे भांडलो. शनिवारी सकाळी दहाच्या सुमारास, बोईसरला आमच्या घरामागच्या शेडमध्ये, पिवळ्या दिव्याखाली, स्टीलच्या एका प्लेटीवरून.

"पट्टा वाकतोय," मथी म्हणाली. मथी म्हणजे माझी बायको, मथुरा.

"सरळ हाय."

"उजव्या कडेला बघा. शेवटाला मान खाली घातलीय त्यानं."

"मान तुझी वाकडी. नीट बस, पट्टा सरळ दिसंल."

"माझी मान माहेरची हाय, एडवणची. सरळ आणलेली. इथे येऊन वाकली असंल तर म्हायत नाय."

मला राग आला. दुसरी प्लेट तयारच होती. ती उचलली आणि मधे कागद न घालता सरळ पहिलीवर ठेवली, दाबून थोडी फिरवली. चिकटली. वरची धरून उचलली तर खालची लटकत वर आली. म्हटलं, "बघ. वाकडी असती तर अशी चिकटली असती का?"

"चिकटतं ते सगळं सरळ नसतं," ती म्हणाली. "तुमी पण बेचाळीस वर्सं चिकटलायतच." मग पदराला हात पुसत उठली. "आता तुमीच सोडवा. मी नाय सोडवणार."

आता पट्टा म्हणजे काय ते सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल म्हातारा-म्हातारी कमरेच्या पट्ट्यावरून भांडली. कारखान्यात पंप असतो. त्याच्या पोटात ॲसिड, कॉस्टिक, काय असेल ते फिरतं. मोटर बाहेर. दोघांना जोडणारा शाफ्ट पंपाच्या भिंतीतून आत जातो. भोक पाडलं म्हणजे गळणार, आणि शाफ्ट फिरता, त्यामुळे बूच मारायची सोय नाही. म्हणून तिथे दोन कड्या बसवतात. एक भिंतीला, स्थिर. दुसरी शाफ्टवर, फिरती. दोघींची तोंडं एकमेकींना टेकलेली. ह्याला मेकॅनिकल सील म्हणतात. तोंडं इतकी सपाट पाहिजेत की फिरताना मधून थेंब जाता कामा नये. ती सपाट करणं म्हणजे लॅपिंग, आणि ते माझं काम. बिडाच्या प्लेटीवर हिऱ्याची पेस्ट, दोन थेंब तेल, आणि कडी धरून हात आठच्या आकड्यात फिरवायचा. माझं उभं आयुष्य आठच्या आकड्यात गेलं.

सपाट झाली की नाही हे बोटाला कळत नाही. कळतं म्हणणारा थापाड्या समजा. सोडियमच्या पिवळ्या दिव्याखाली कडीवर एक जाड काच ठेवायची, म्हणजे खाली काळे पट्टे उमटतात. पट्टे सरळ तर कडी सपाट. पट्टे वाकले तर कडी वाकडी. एक पट्टा म्हणजे केसाच्या जाडीचे अडीचशे भाग करा, त्यातला एक. एवढ्याशासाठी माणसं भांडतात हो.

बोईसरच्या वसाहतीत मी एका वर्कशॉपमध्ये होतो. शाळा सातवीपर्यंत, पुढची लॅपिंगच्या प्लेटीवर. म्हातारा झालो तशी बिडाची प्लेट घरी आणली आणि शेडमध्ये काम धरलं. डोळ्यात तेव्हा मोतीबिंदू उतरायला लागला होता. एकदा मथी चहा घेऊन आली, माझ्या खांद्यावरून वाकून म्हणाली, "ह्या रेघा तिकडे झुकल्यात." मी म्हटलं, तुला काय कळतं. नंतर बघितलं तर झुकलेल्याच होत्या. लहानपणी बापाजवळ बसून जाळी विणलेली पोर ती. चौकटीत एक धागा चुकला तर तिच्या डोळ्यात कुसळ जायचं. तेव्हापासून मी घासायचं आणि तिने पट्टे वाचायचे, असं ठरलं.

पण तिने अट घातली. एकच. "तुमचं चुकलं तर चुकलं म्हणायचं. तोंडातल्या तोंडात नाय. मी सैपाकघरात असले तर सैपाकघरात ऐकू आलं पायजे."

मी हो म्हटलं. हो म्हणायला काय जातं? अट मी एकदाही पाळली नाही. ती वाकडी म्हणाली की मी कुरकुरायचो, ती गेली की गुपचूप पुन्हा घासायचो आणि संध्याकाळी तिच्यासमोर ठेवायचो. ती बघायची, "आता सरळ हाय" म्हणायची, आणि मग माझ्या तोंडाकडे बघत थांबायची. मी पतंगाचा कागद फाडत बसायचो.

पतंगाचा कागद हे आमच्या धंद्यातलं पथ्य. घासून पुसून स्वच्छ केलेली दोन तोंडं कोरडी एकमेकांवर ठेवायची नाहीत. चिकटतात. आणि एकदा चिकटून राहिली की ओढून निघत नाहीत, ओढणाऱ्याचं मनगट निघतं. म्हणून मधे पातळ कागद. कागद जमवायचं काम तिचं. संक्रांत झाली की उरलेले पतंग ती आजूबाजूच्या पोरांकडून मागून आणायची. पोरांना वाटायचं म्हातारी पतंग उडवते.

गिऱ्हाइकं एकेक असायची. एक ठेकेदार होता, उत्तरेकडचा. खिशातून कडी काढून म्हणाला, "चाचा, देखो, आईने जैसा चमका दिया. फिर भी साला टपकता है." त्याने ती लेथवर धरून फडक्याने चमकवली होती. मथीने काच ठेवली आणि हसायलाच लागली. गोल गोल वेटोळी. "भैया, ये सील नाय, जिलेबी हाय," ती म्हणाली. चमक वेगळी आणि सपाटी वेगळी, हे त्याला समजावता समजावता दोन चहा झाले. जाताना म्हणाला, "चाची को बोलो, फिर जिलेबी भी खिला दे."

सगळंच हसण्यावारी गेलं नाही. भरत म्हणून नवापूरचा एक फिटर आहे, त्याच्या कारखान्याची सीलं माझ्याकडे आणतो. एकदा त्याची घाई होती. मथी म्हणाली, पट्टा वाकतोय. मी म्हटलं, चालतंय, पंप काय काच लावून बघणार हाय? पंपाने काच लावली नाही. कॉस्टिक गळलं आणि भरतच्या पायावर पडलं. बूट होता म्हणून पाय राहिला. घोट्यापाशी अजून काळपट डाग आहे. मी त्याला सांगितलं, स्प्रिंग कमजोर असणार. तो म्हणाला, "असंल काका." मथी तिथेच उभी होती. नुसती माझ्या तोंडाकडे बघत राहिली, आणि त्या दिवशी मी बराच कागद फाडला.

तर ह्या भरतची धाकटी बहीण रेवती. घर मासेमारीचं, आणि पोरगी शिकून शिकून अशा जागी पोचली की ती काय शिकते हे घरात कोणाला सांगता येत नाही. मोठ्या संस्थेत संशोधन करते. मे महिन्यात भरतच्या मागे स्कूटरवर बसून आली.

"काका, मला दोन प्लेटी करून द्याल? पुरीएवढ्या. हाताने होतील तेवढ्या सपाट."

"कुठल्या पंपाला?"

"पंपाला नाही. टेबलावर ठेवायला."

मी भरतकडे बघितलं. तो म्हणाला, "माझ्याकडे नका बघू. मला पण नाय कळलं."

मथीने तिला बसवलं, पाणी दिलं आणि सांग म्हणाली. पोरीने जे सांगितलं ते मी माझ्या भाषेत सांगतो. चुकलं तर चूक माझी, तिची नाही.

गुरुत्वाकर्षणाचं एक मोठं समीकरण आहे. एका बाजूला जागा आणि काळ किती वाकलेत ते, दुसऱ्या बाजूला तिथे वस्तू किती, ऊर्जा किती ते. आता हे समीकरण फार भोळं. तुम्ही म्हणाल तसा वाक काढा, ते म्हणतं काढ बापा, फक्त एवढी एवढी ऊर्जा आणून ठेव. कालपरवात परत जायचा बोगदा काढलात तरी हो म्हणतं. मी म्हटलं, हे ओळखीचं आहे. आमचे ड्रॉइंगवाले इंजिनिअरही असेच. कागदावर काढतात, कागद सोसतो, मग लेथवाला रडतो.

"बरोबर," रेवती म्हणाली. "म्हणून माणसांनी अटी घातल्या. ऊर्जेच्या अटी. पहिली, कुठेही, कोणीही मोजली, उभ्याने नाहीतर पळता पळता, तरी ऊर्जा शून्याच्या खाली निघता कामा नये. दुसरी, ऊर्जा प्रकाशापेक्षा जोरात पळता कामा नये. तिसरी, वस्तूंनी जवळच ओढायचं, लांब ढकलायचं नाही. अटी घातल्या की बोगदेबिगदे बाद होतात."

"मग पाळतात सगळे?" मथीने विचारलं.

"तिसरी तर अख्खं जगच मोडतंय, काकी. लांब लांब पळतंय."

"म्हणजे आमच्या घरासारखंच. अट हाय, पाळणारा नाय." माझ्याकडे न बघता बोलली. बघायची गरज नव्हती.

पहिली अटही मोडते, पण चोरून. म्हणजे असं, की अणुरेणूंचा हिशेब करणारे आले आणि म्हणाले, रिकामी जागा रिकामी नसते, तिच्यात सारखी थरथर असते. दोन सपाट प्लेटी फार जवळ आणल्या की मोठी थरथर मधे मावत नाही. मग मधे शून्यापेक्षा कमी राहतं.

मी म्हटलं, "पोरी, मी सातवी शिकलो, पण शून्याच्या खाली काय नसतं एवढं मला कळतं. डबा रिकामा म्हणजे रिकामा."

मथी म्हणाली, "थांबा ओ. बंदरात दोन होड्या जवळ जवळ बांधल्या तर त्या एकमेकींना ठोकर मारतात का नाय? मधे मोठी लाट मावत नाय. बाहेरची ढकलते."

रेवती म्हणाली, "काकी, हे मी माझ्या आईला सहा वर्षं समजावतेय."

"तुझी आई मासळी विकते, तिला वेळ कुठला? मी रिकामीच."

मग पोरीने खरी गोष्ट सांगितली. शून्याखाली जायला बंदी नाही, पण मोकळीकही नाही. जितकं खोल जाल तितका थोडा वेळ. आणि मागाहून तेवढंच वर यावं लागतं, थोडं जास्तच.

"ह्यांचा राग," मथी म्हणाली. "खोल जातो, तासाभरात संपतो. मग संध्याकाळी शेंगदाण्याची चिक्की घेऊन येतात."

आणि एखादा किरण जगाच्या ह्या टोकाकडून त्या टोकाकडे चालत गेला, तर वाटेत त्याला कुठे खड्डा लागेल, कुठे उंचवटा, पण सगळं मिळून सरासरी शून्याच्या खाली जाऊ नये, असं लोकांना वाटतं. सपाट जागेत ते बरंचसं सिद्ध झालंय. जागा स्वतःच वाकलेली असली तर काय, हे रेवती शोधते. तिथेच तिचं गाडं अडलंय.

"आणि ह्या प्लेटींचं काय?" मी विचारलं. "मधे कायमचा खड्डा. तिथे कुठे गेली सरासरी?"

तेव्हा ती जे बोलली ते मला आवडलं. म्हणाली, "काका, किरण आरपार जायचा तर त्याला प्लेटीतूनही जावं लागतं. मधलं उणं अगदी इवलंसं. दोन्ही प्लेटींचं स्वतःचं वजन त्याच्या कित्येक पटीने जास्त. त्या दोघी ते भरून काढतात."

"आणि एक प्लेट काढली तर?"

"मग मधे असं काही राहत नाही. साधं रिकामं."

मी मान हलवली आणि दुसरा प्रश्न विचारला. चाळीस वर्षं मी सांगत आलो, तोंडं चिकटतात ती हवेच्या दाबाने. ती म्हणाली, हवा काढून टाकलेल्या डब्यात ठेवा, तरी चिकटलेलीच राहतील. थोडी ओलीने, थोडी तेलाने, आणि थोडी ह्या मधल्या उण्याच्या चुलतभावाने, म्हणजे तसल्याच एका ओढीने. मी पुष्कळ वाद घातला. मथी भरतला म्हणाली, "बघ, आता तासाभराने चिक्की आणायला जातील."

"पण ह्या प्लेटींनी काय मोजणार तू?" मी शेवटी विचारलं.

"काही नाही. मोजायला ह्याच्याहून बारीक काम लागतं, मोठ्या यंत्रावर. मी सगळं कागदावर केलंय, काका. सहा वर्षं 'दोन प्लेटी घ्या' असं लिहितेय. मला त्या एकदा हातात घेऊन बघायच्यात."

अशी मागणी मला कोणी केली नव्हती. नाही म्हणायला निघालो होतो, पण मथी म्हणाली, "देतील. मी बघते कशा नाय देत. पट्टे मी वाचीन. एक पण वाकडा जाऊ देणार नाय."

पहिली प्लेट पंधरा दिवसात झाली. दुसरी त्रास देत होती. पुरीएवढ्या प्लेटीला कडा झुकायची खोड असते, कारण हात वळताना भार बाहेर जातो. मथी रोज बघायची, रोज म्हणायची, अजून नाय. सोमवारी रेवती न्यायला येणार होती. शनिवारी सकाळी मी ती मथीसमोर ठेवली आणि वर सांगितलं ते झालं.

ती शेडमधून गेली, मी चिकटलेली जोडी तशीच टेबलावर ठेवली. जेवायला बसलो. तिने वाढलं. मी बोललो नाही. तिने आमटी पुन्हा विचारली, मी हातानेच नको केलं. मनात म्हटलं, चारच्या चहाला बोलू. माझं गणित ठरलेलं होतं ना, खोल पण थोडा वेळ. दोन वाजता ती ओट्यावर भिजवलेले वाल सोलत बसली होती. मी पडलो होतो. वालांची परात पडल्याचा आवाज आला. बाहेर आलो तोवर संपलं होतं. डॉक्टर म्हणाला, हृदय. मी त्याला म्हटलं, ते चांगलं होतं तिचं, नीट बघ.

दिवस मावळायच्या आत सगळं उरकलं. पालघरहून मुलगी आली, एडवणची माणसं आली. भरत आला, त्याने खांदा दिला. तो पुढे चालत होता आणि मला त्याच्या घोट्याचा डाग दिसत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून मी शेडमध्ये गेलो. मेहुणी म्हणाली, "भाऊजी, सुतक हाय, हत्याराला हात नाय लावायचा." मी म्हटलं, हत्याराला नाय लावत, प्लेटीला लावतो. ती रडायला लागली म्हणून मला पुढे वाद घालावा लागला नाही.

जोडी रात्रभरात घट्ट बसली होती. अशी जोडी ओढायची नसते, सरकवायची असते. मला तेवढा धीर नाही, ते नेहमी मथी करायची. दोन्ही तळव्यांमध्ये धरून बसायची, ऊब आत गेली की अंगठ्याने केसभर, केसभर सरकवायची, आणि तोंडाने मला शिव्या. मी तसंच केलं, शिव्या सोडून. बऱ्याच वेळाने सुटली.

मग दिवा लावला, तिच्या लुगड्याच्या फडक्याने प्लेट पुसली, काच ठेवली. लगेच बघायचं नाही. हाताची ऊब प्लेटीत असते, तोवर पट्टे खोटं बोलतात. थांबलो. ऊब जायला त्या दिवशी फार वेळ लागला. मग तिच्या स्टुलावर बसलो आणि ती करायची तशी मान तिरकी करून, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेला डोळा काचेजवळ नेला.

उजव्या कडेला, शेवटाला, पट्ट्याने मान खाली घातली होती.

मी म्हटलं, "मथे, पट्टा वाकतोय. माझं चुकलं. भरतच्या वेळी पण माझंच चुकलं होतं."

माझा आवाज मोठा झाला असणार. मुलगी घरातून धावत आली. "काय झालं बाबा? केवढ्यानं ओरडता?"

"तू कुठं होतीस?"

"सैपाकघरात."

"तिथे ऐकू आलं?"

"आलं की. सगळ्यांना आलं."

"मग झालं," मी म्हटलं, आणि दोन्ही प्लेटींच्या मधे पतंगाचा कागद घातला.